वाचकांचे प्रश्न : बाळासाठी बाई ठेवताना

तान्ह्या मुलाला सांभाळण्यासाठी घरी बाई ठेवण्याविषयी या वेळी इतकी पत्रे आली की, नेहमीसारखे निरनिराळे विषय न घेता हे सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. मी ठाण्यात १८ वर्षे पाळणाघर चालवले. तिथे काम करणाऱ्या बायकांची निवड मीच करीत असे आणि त्यात अनेकदा फसलेही आहे. पुढील उत्तरांमागे मुख्यतः तोच अनुभव आहे. पत्रे जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी चार महिन्यांची आहे. माझी प्रसूतीची रजा महिन्याभरात संपेल आणि मग मला रोज डोंबिवलीहून लोकलने मुंबईला जावे लागेल. आम्ही एका ब्युरोकडे नाव नोंदवले असून पुढील आठवड्यात ते तीन बायकांना भेटायला पाठवणार आहेत. मुलाखतीत नेमके काय विचारावे हे आम्हा दोघांनाही कळत नाही. माझी मैत्रीण म्हणते की, विचारून काही समजत नसते, नशिबावर सोडावे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे निम्मे खरे आहे. ‘तुम्हाला लहान मुले आवडतात का?’ किंवा ‘बाळ रडले तर तुम्ही चिडणार नाही ना?’ असे विचारले, तर तिघींकडूनही एकच उत्तर येईल आणि त्यातून काहीही हाती लागणार नाही. पण घडून गेलेल्या गोष्टींविषयी विचारले की माणूस बोलू लागतो आणि बोलता बोलता कळतो.

त्याआधी मात्र एक काम तुम्हा दोघांना करायचे आहे आणि ते बहुतेक घरांत राहून जाते. बाई नेमकी कशासाठी हवी आहे, हे वही घेऊन लिहून काढा. ती किती वाजता येईल, किती वाजता जाईल, तुमची गाडी चुकली किंवा जुलैच्या पावसात लोकल बंद पडली तर ती किती वेळ थांबू शकेल आणि त्या जादा वेळेचे पैसे कसे मोजायचे, हे तिच्याशी बोलण्याआधी तुमचे तुम्हाला ठाऊक हवे. बाळाचे कपडे धुणे, बाटल्या उकळणे, पुढे वरचे अन्न सुरू झाल्यावर ते मऊ करून भरवणे आणि बाळाची खोली आवरणे ही बाळाच्या कामातली कामे झाली. घरभर केर काढणे आणि तुमच्या दोघांची भांडी घासणे हे वेगळे काम आहे. ते हवे असल्यास आधी सांगावे आणि त्याचे पैसे वेगळे धरावेत. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या आई-वडिलांपैकी बहुतेकांचे भांडण बाईच्या स्वभावावरून झालेले नव्हते, काम आधी ठरलेले नव्हते म्हणून झाले होते.

मुलाखत घरीच घ्या, तुम्ही दोघेही हजर राहा आणि बाळ जागे असण्याची वेळ निवडा. तिला पाणी द्या, बसवा, ब्युरोचा माणूस बरोबर आला असेल तर त्याला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगा. तो जवळ असला की उत्तरे तोच देतो. मग विचारा, ‘शेवटी ज्या बाळाला सांभाळत होतात, त्याचा दिवस कसा जायचा?’ जिने खरोखर मूल सांभाळले आहे, तिला ते दुपारी किती वाजता झोपायचे, कडेवर घेऊन फिरवल्याशिवाय झोपत नसे की थोपटले तरी पुरत असे, नुसता भात थुंकायचे पण तूप-मीठ घातले की खायचे, हे सगळे आठवते आणि सांगताना तिचा चेहरा बदलतो. ‘सगळे करायचे मी, खाऊ घालायचे, झोपवायचे’ एवढ्यावर जी थांबते, तिने बहुधा घरकाम केलेले असते आणि मूल तिच्या आसपास असते. त्यात वाईट काही नाही, पण चार महिन्यांच्या बाळासाठी तो अनुभव पुरेसा नाही.

दुसरा प्रश्न मी न चुकता विचारीत असे : ‘तुमच्याजवळ असताना मुलाला कधी लागले होते का आणि तेव्हा तुम्ही काय केलेत?’ १० वर्षांत एकाही मुलाला खरचटलेसुद्धा नाही असे जी सांगते, तिच्यापासून मी सावध राहते. मुले पडतात, पलंगाच्या कडेशी सरकतात, नाकात शेंगदाणा घालतात. आपल्याला हवी आहे ती, काही झाल्यास लपवून न ठेवता तासाभरात फोन करणारी बाई. माझ्या पाळणाघरात मी एकदा अतिशय गोड बोलणारी, टापटीप बाई एका भेटीतच ठेवली आणि तिने एका मुलाच्या हाताला चटका बसल्याचे संध्याकाळपर्यंत सांगितले नाही. त्याच आठवड्यात जिला मी ‘फारच घुमी आहे’ म्हणून परत पाठवले होते, ती पुढे शेजारच्या घरात सहा वर्षे राहिली आणि त्या घरातले दुसरे मूलही तिच्याच हातांवर वाढले. बोलण्यातल्या चतुराईला गुण देण्याचे मी तेव्हापासून सोडले.

अर्ध्या तासाने बाळाला आणा. ती आधी हात धुण्याची जागा विचारते का, घेताना मानेखाली हात देते का, बाळाशी काही बोलते का, एवढे पाहा. बाळ तिच्याकडे पाहून हसले की रडले यावर मात्र काही ठरवू नका. अनोळखी माणसाची भीती साधारण सातव्या-आठव्या महिन्यापासून दिसू लागते, त्यामुळे तुमची मुलगी आज कोणाकडेही जाईल. बाई आताच कामावर ठेवण्याचा हा एक फायदाही आहे, कारण ती भीती सुरू होण्याच्या आत तिचा चेहरा ओळखीचा झालेला असेल.

जी पसंत पडेल, तिच्या आधीच्या घरी फोन करा. फक्त ‘बाई कशी होती?’ असे विचारले तर ‘चांगली होती’ असेच उत्तर येते, कारण कोणाला वाईट सांगायचे नसते. त्याऐवजी किती काळ होती, काम का सुटले, खाडे किती व्हायचे, न सांगता व्हायचे की सांगून, आणि पुन्हा गरज पडली तर तिलाच बोलवाल का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस किती वेळ गप्प राहतो, त्यातूनही बरेच समजते. आधार कार्डाची प्रत घ्या, सध्याच्या घराचा पत्ता आणि घरच्या एखाद्या माणसाचा क्रमांक लिहून घ्या आणि पोलीस ठाण्यात तिची माहिती नोंदवा. ब्युरोने ‘आमच्याकडे सगळी पडताळणी झाली आहे’ असे सांगितले तरी हे स्वतः करा. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे का, हेही संकोच न करता विचारा आणि तपासणी लागल्यास तिचा खर्च तुम्ही उचला. कारण क्षयाचा धोका तान्ह्या बाळाला मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

तुमच्या हातात महिना आहे, त्यातील निदान दोन आठवडे तिला पूर्ण पगारावर, तुम्ही घरी असताना कामावर बोलवा. पहिले काही दिवस तुम्ही करा आणि तिने पाहावे, मग तिने करावे आणि तुम्ही पाहावे, नंतर तुम्ही दोन-तीन तास बाहेर जाऊन यावे. काढून ठेवलेल्या दुधाचे नियम याच काळात तिच्या हातात बसले पाहिजेत : खोलीचे तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर ते ४ तास टिकते, पण आपल्याकडच्या उकाड्यात त्यावर विसंबू नये आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावे, फ्रीजमध्ये ते ४ दिवस राहते, गरम करताना बाटली कोमट पाण्यात धरावी, दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, बाळाने पिऊन उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. वर्षानुवर्षे दूध उकळूनच वापरलेल्या बाईला हे विचित्र वाटते. म्हणून तोंडी सांगून न थांबता आठवडाभर तिच्याकडून करून घ्यावे. बाळाला पाठीवर झोपवायचे, तोंडाजवळ उशी किंवा दुपटे ठेवायचे नाही, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचे, हेही तसेच.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण सांगते. २०१७ सालच्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. त्याच दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. डोंबिवलीच्या गर्दीत बाळाला घेऊन रोज लोकलचा प्रवास करणे मी कोणालाही सुचवणार नाही, पण कार्यालयात विचारून ठेवा. बाई अचानक १५ दिवस गावी गेली, तर तेवढे दिवस ती सोय उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्याकडे सकाळी ९ ते संध्याकाळी ७ पर्यंत एक मावशी मुलाला सांभाळतात. मुलगा दुपारी दोन तास झोपतो, त्या वेळी भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या कराव्यात, एवढीच माझी अपेक्षा असते. पूर्वी त्या करायच्या, आता कुरकुर करतात. गेल्या महिन्यात तीन खाडे झाले, त्याचे पैसे कापले, तर आजारपणाचे पैसे कापू नका म्हणून रुसल्या. दिवाळीचा बोनस मात्र पूर्ण हवा असतो.
– व. जो., कोथरूड, पुणे

उत्तर : आपण त्यांना १० तास ठेवता. त्या १० तासांत सलग बसून जेवण्याची आणि पाठ टेकण्याची संधी फक्त मूल झोपलेले असतानाच मिळते. त्या वेळेला आपण मोकळा वेळ समजता आणि त्या विसाव्याचा वेळ समजतात. आपल्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत कोणी रोज भाजी निवडायला दिली असती, तर आपण सहा महिन्यांत कुरकुर केली असती. घड्या आणि भाजी हवीच असेल तर त्यांच्याशी बोलून ठरवा, पगारात त्याची भर घाला आणि तरीही तासभर विश्रांतीचा सोडा.

आजारपणाच्या खाड्यांवरून आपल्याच शहराचा इतिहास आठवावा. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्तपणे संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर आजारपणाच्या दिवसांचा पगार हाही तेव्हाच्या मागण्यांचा भाग होता. आपल्या मावशी ४५ वर्षांनंतर तेच मागत आहेत. आठवड्याची एक सुट्टी, महिन्याला एखादी पगारी रजा, त्यापलीकडे सांगून केलेल्या खाड्याचा निम्मा आणि न सांगता केलेल्याचा पूर्ण पगार कापावा, अशी पद्धत मी पाळणाघरात ठेवली होती आणि त्यावरून वाद क्वचितच झाले. आपण दुसरी काही ठरवा, पण कागदावर लिहा, वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांना द्या. उचल दिली तर ती कधी आणि किती फिटणार, तेही त्याच कागदावर असावे. पगार बँकेत जमा केला तर दोघांच्याही सोयीचे होते.

आणि बोनस मागतात याचा राग मानू नका. त्याऐवजी या दिवाळीत आणखी दोन गोष्टी करा. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला असून १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते आणि तिथे काम देणाऱ्या घराचा दाखला लागतो. तो दाखला लिहून देण्यास पुष्कळ घरे विनाकारण बिचकतात, आपण तसे करू नये. दुसरे म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरले की दोन लाखांचे अपघाती विमा संरक्षण मिळते. त्यांचे बँकेत खाते असल्यास ते २० रुपये आपणच भरावेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या गावी एक गरीब कुटुंब आहे. त्यांची १३ वर्षांची मुलगी आमच्या बाळाला खेळवायला पाठवतो असे ते म्हणतात. आम्ही तिला शाळेत घालू आणि घरच्यासारखे ठेवू. असे करण्यास हरकत आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हरकत आहे. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर या वयाच्या मुलांना जवळपास कोणत्याही कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या घरात बाळ रडले की वही मिटून उठावे लागते, त्या घरात शाळा होत नाही. त्या मुलीला खरोखरच मदत करायची असेल, तर तिच्या गावातल्या शाळेचा खर्च द्या. बाळासाठी प्रौढ बाई शोधा.

प्रश्न : माझा नातू सात महिन्यांचा आहे. मी घरात असताना सुनेने त्याला सांभाळायला बाई ठेवली, याचे मला वाईट वाटले. पण गुडघे दुखतात म्हणून मी गप्प बसले. आता ती बाई माझे काहीच ऐकत नाही. घुटी देऊ देत नाही, काजळ घालू देत नाही, मधाचे बोट चाटवले तर लगेच सुनेला फोन करते. आम्ही काय मुले वाढवली नाहीत?
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, आपण वाढवलीत आणि चांगली वाढवलीत. तरीही मधाच्या बाबतीत त्या बाईची बाजू मला घ्यावीच लागेल. मधात कधी कधी असे जिवाणू असतात की, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत मध देऊ नये असे डॉक्टर सांगतात. काजळाने डोळ्यांत जंतू जातात आणि काही काजळांत शिसेही आढळते. दृष्टीची काळजी असेल तर तीट तळपायाला लावा. घुटीविषयी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि ते ज्याला नाही म्हणतील ते सोडा. जुने सगळेच चांगले नव्हते, हे आपणही जाणता. मुंबईत गिरण्यांच्या काळात आया कामावर जाताना बाळे निजून राहावीत म्हणून अफूची बाळगोळी देत असत. आज तिची जागा कधी कधी झोप आणणाऱ्या खोकल्याच्या औषधाने घेतली आहे. त्यामुळे बाळ दुपारी नेहमीपेक्षा फार गाढ आणि फार वेळ झोपू लागले आहे का, याकडे आपण जरूर लक्ष ठेवा. ते लक्ष ठेवायला घरात आपल्याइतके योग्य कोणी नाही.

खरी अडचण निराळी आहे. त्या बाईला दोन मालकिणी झाल्या आहेत आणि कोणाचे ऐकायचे हे तिला कोणी सांगितलेले नाही. ही चूक आपली नाही, तिचीही नाही. ती ठेवताना आपल्याला मुलाखतीला बसवायला हवे होते. सुनेशी एकदा शांतपणे बोला. खाणे, औषध आणि झोप यांचे नियम आई-वडिलांचे असावेत आणि ते तिघींनाही सारखे माहीत असावेत. गाणी, गोष्टी, संध्याकाळचा दिवा, अंगणातली फेरी ही वेळ आपली असावी, त्यात बाईने पडू नये. आणि तिला आपल्यासमोर ओरडा मिळेल किंवा आपल्याला तिच्यासमोर बोलले जाईल, असे घरात कोणी करू नये.

प्रश्न : दिवाणखान्यात कॅमेरा बसवला आहे. बाईंना सांगावे की सांगू नये?
– म. शि., ठाणे

उत्तर : सांगावे, आणि कामावर ठेवण्याआधी सांगावे. बाळाच्या खोलीत आणि दिवाणखान्यात कॅमेरा असण्याला समजूतदार बाई सहसा हरकत घेत नाही. लपवलेला कॅमेरा सापडला तर मात्र ती दुसऱ्या दिवसापासून येत नाही आणि ते योग्यच आहे. न्हाणीघर आणि ती जिथे कपडे बदलते किंवा झोपते ती जागा कॅमेऱ्याच्या कक्षेत असू नये. कार्यालयात बसून दिवसभर फोनवर पाहत ‘आत्ता त्याला का उचलले नाहीत?’ असे विचारू नये. त्याने बाळाचे काही भले होत नाही.

प्रश्न : मी १२ वर्षे मुले सांभाळते. मराठी सातवी शिकले आहे, हे पत्र मुलीकडून लिहून घेतले आहे. तुमच्या मासिकात बाई कशी निवडावी हे नेहमी येते. आम्ही घर कसे निवडावे? मागच्या ठिकाणी माझे आधार कार्ड ठेवून घेतले होते आणि ब्युरोने पहिल्या महिन्याच्या पगारातून पैसे कापले.
– एक ताई, कल्याण

उत्तर : ताई, आपला आक्षेप मान्य आहे. मुलाखत दोन्ही बाजूंनी असते, पण प्रश्न विचारण्याचे धाडस एकाच बाजूला होते.

मूळ आधार कार्ड कोणालाही ठेवून घेऊ देऊ नका. पाहायला द्या, प्रत द्या, मूळ कार्ड पिशवीत परत घ्या. एवढ्यावरून कोणी काम नाकारले तर ते घर गेलेले बरे. ब्युरो कोणाकडून किती पैसे घेणार, हे नाव नोंदवतानाच विचारा आणि घरमालकांसमोर पुन्हा एकदा विचारा, म्हणजे एकच रक्कम दोघांकडून घेतली जात नाही.

घरी भेटायला जाल तेव्हा मुले किती आणि वये काय, घरात दिवसा आणखी कोण असते, आधीची बाई का गेली, हे विचारा. आपल्याकडून आधीच्या घराचा क्रमांक मागितला जातो, तसा आपणही आधीच्या बाईचा मागू शकता. जेवण घरचे मिळणार की डबा आणायचा, ताजे की कालचे, पाणी प्यायला वेगळा पेला आहे का, सोसायटीची लिफ्ट वापरता येते का, यांची उत्तरे मिळाली की त्या घरात आपल्याला कसे वागवतील ते कळते. चोवीस तासांचे काम असेल तर झोपायची जागा डोळ्यांनी पाहा आणि आतून कडी लागते का, ते तपासा. रात्री बाळ उठले की तुम्हीच उठणार असाल, तर दिवसा झोप कधी मिळणार, तेही ठरवून घ्या. घरातल्या कोणी अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, तर २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकामगारांनाही लागू आहे. त्याची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते आणि तातडीच्या वेळी ११२ लावता येतो.

१२ वर्षांत सांभाळलेल्या मुलांच्या घरांपैकी दोन-तीन घरांशी आपले अजूनही चांगले असेल. त्यांच्याकडून चार ओळींचे पत्र मागून घ्या : किती काळ होता, मूल किती महिन्यांचे असल्यापासून होता, कोणकोणते काम केलेत. मुलीला सांगून त्यांच्या प्रती काढून ठेवा. पुढच्या घरी पगाराचा आकडा सांगण्याआधी ती पत्रे समोर ठेवा आणि मग आकडा सांगा. आधीच्या घरी मिळत होता त्यापेक्षा जास्त सांगा.